कच्चे लिंबू

वाढदिवसाच्या सकाळी मिस्सा आणि सायंकाळी अंगणात मुलांचा मेळा, ही रीत आता आपल्या खेड्यांतूनही रूढ झाली आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती खेळांच्या निवडीविषयी. बहुतेक घरी संगीतखुर्ची योजिली जाते. तीत पहिल्या फेरीस बाद होते कोण? सर्वांत लहान मूल. ज्याला खेळण्याची हौस अधिक, त्यानेच प्रथम भिंतीशी जाऊन बसावे, असा या खेळाचा न्याय! एका घरी आम्ही पाहुणे असताना पाच वर्षांची एक मुलगी अशीच बाद झाली आणि केक कापीपर्यंत आजीच्या पदराआड बसून राहिली. बक्षीस मिळाले नऊ वर्षांच्या मुलाला. त्यालाही त्याचे विशेष काही वाटलेले दिसले नाही.

त्यापेक्षा दोन गट पाडावेत, हे उत्तम. पण लगोरीत वा खो-खोत तरी लहानग्याचे आपण काय करतो? त्याला 'कच्चे लिंबू' म्हणून घेतो. तो धावतो, ओरडतो. पण त्याचे बाद होणे मोजले जात नाही आणि त्याने केलेला पराक्रमही नाही. हे त्याला कळत नसेल, असे मोठ्यांना वाटते. त्याला ते पुरते कळते.

म्हणून आव्हाने अशी योजावीत की लहानावाचून गटाचे अडावे. अरुंद तोंडाच्या तांब्यात दहा चिंचोके टाकावेत आणि तांब्या न उपडा करता ते बाहेर काढण्यास सांगावे. थोरल्यांचा हात आत जातच नाही. लहानाचा जातो, पण मूठ मिटली की तीही बाहेर येत नाही, म्हणून त्याला एकेक चिंचोका काढावा लागतो, आणि सारा गट श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहतो. (घरच्या मुलाचा हात आधी घालून पाहावा. तीन वर्षांखालील बालकांच्या हाती मात्र चिंचोके देऊ नयेत; ती ते तोंडात घालतात.) लगोरीचे सात दगड रचताना थोरल्याचे डोळे बांधावेत आणि धाकट्याने "उजवीकडे, अजून थोडे खाली" असे सांगावे. करवंटीने हातोहात पाणी नेऊन घागर भरावयाची असेल, तर शेवटी ओतण्याचा मान धाकट्याचा.

भिडू निवडण्याचे काम मुलांवर सोपवू नये. शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला याचे कारण सांगावयास नको. पिशवीत आंब्याची व फणसाची पाने समसमान घालून प्रत्येकाने डोळे मिटून एक काढावे. ज्याचा वाढदिवस, त्यानेही पानच काढावे. त्याला नायक करण्याचे कारण नाही.

एका चित्राचे सहा तुकडे करावेत. प्रत्येक आव्हान पार पडले की गटास एक तुकडा द्यावा, आधी कोणी संपविले याची मोजदाद नको. दोन्ही गटांचे तीन-तीन तुकडे जुळले, म्हणजेच खाऊ कोठे लपविला आहे ते चित्रात दिसावे. खाऊ सर्वांस सारखा.

खेळात प्रार्थनेचा वेळ जातो, असे एक काका आम्हांस म्हणाले. संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) बालपणी इटलीतील आपल्या गावी दोन झाडांना दोर बांधून त्यावर चालून दाखवीत आणि खेळ पाहावयास जमलेल्यांकडून आधी जपमाळ म्हणवून घेत, एवढेच आम्ही त्यांस सांगितले.

आमंत्रण देताना भेटवस्तू आणू नये, असे स्पष्ट सांगावे. हात रिकामे म्हणून काही आया मुलांस पाठवीतच नाहीत. आणि दिवेलागणीपूर्वी खेळ आटोपावा, म्हणजे लांबच्या वाड्यांवरील मुले उजेडात घरी पोचतील.