सिल्वासाहून काय आणलंस?

सुट्टी संपवून परत आलो आणि वर्गात पाऊल टाकले न टाकले तोच चौघांनी एकच प्रश्न विचारला, "काय रे, सिल्वासाहून काय आणलंस?" विचारताना प्रत्येकाने डोळा मिचकावला होता. सिल्वासा कोठे आहे, तेथे कोण राहते, याच्याशी कोणालाच कर्तव्य नव्हते. तेथे दारू स्वस्त मिळते, एवढा भूगोल मात्र सर्वांचा पक्का! खोटे कशाला बोलू, जाण्यापूर्वी माझाही भूगोल एवढाच होता.

मार्चच्या अखेरीस आम्ही पाच मित्र निघालो. समुद्र, वाइन आणि जंगल असा तिहेरी बेत होता. निपाणीहून कोल्हापूर, तेथून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने दादर आणि पुढे डहाणूची गाडी. खजिनदार अर्थातच मी. कॉमर्सच्या पोराला सहलीत दुसरे काम कोण देणार? सिल्वासाला माझी मावशी राहते. काका तेथे सुताच्या कारखान्यात पाळ्या करतात. त्यामुळे राहण्याजेवणाचा खर्च शून्य, आणि वाचलेली वर्गणी कोठे जाणार हे सांगायला नकोच.

पहिला मुक्काम बोर्डी. एका बाजूला सुरूची झाडे आणि ओहोटीला पार दूर जाणारा समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चिकू एकदा पिकला की दोन-तीन दिवसांत हातातून जातो, म्हणून त्याच्या चकत्या वाळवतात, पावडर करतात आणि आता वाइनही करतात. वाइन पाहायला आम्ही गेलो. तेथे सारे कसे स्वच्छ, थंड आणि अदबशीर! पेला कसा धरावा, वास कसा घ्यावा, घोट जिभेवर कसा फिरवावा, याचे धडे मिळाले. मला मात्र पेला मिळाला नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची 21 वर्षे पूर्ण लागतात आणि मला विसावे सरले आहे. चौघांनी चाखली, मी वास घेतला. वास छान होता, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी वापीला उतरून सिल्वासाला पोचलो. येथे माझे वय कोणी विचारले नाही. वापीपासून रस्त्याने आत शिरताच दुकानांच्या पाट्याच पाट्या. यात गूढ काही नाही, दुसऱ्या वर्षाच्या अर्थशास्त्रात बसते. गुजरात राज्य 1960 साली झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे. 2023 च्या अखेरीस गिफ्ट सिटीपुरती सवलत मिळाली. शेजाऱ्याने ज्या मालावर बंदी घातली, त्याचे दुकान कुंपणाला लागून चालणारच. त्यात कर कमी. मग गिऱ्हाईक वापीहूनच नव्हे, निपाणीहूनही येते!

मावशीने आमच्या पिशव्यांतला खणखणाट ऐकला. ती म्हणाली, "अरे, एवढ्या लांबनं आलाय ते ह्यासाठी व्हय? ह्या गावात दुसरं काय बघायचंच न्हाई?" मी म्हटले, "मावशी, उद्या जंगल बघणार आहे की आम्ही." तेव्हा तिचा पाचवीतला मुलगा मध्येच म्हणाला, "दादा, 2 ऑगस्टला आमच्या शाळेत काय असतं सांग!" पाचही जण गप्प. 1954 साली 2 ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटले. आझाद गोमंतक दलाच्या ज्या तरुणांनी ते सोडवले, त्यांत गायक सुधीर फडके होते. पुढच्याच वर्षी ज्यांचे गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून घरोघर ऐकले गेले, तेच हे. आमच्या घरी रामनवमीला ते अजून लागते. पण त्या गळ्याचा माणूस जिवावर उदार होऊन या गावात आला होता, हे मला पाचवीतल्या पोराने सांगावे! पुढे 1961 पर्यंत येथील लोकांनी स्वतःच कारभार चालवला, मग भारतात रीतसर विलीनीकरण झाले. मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षात आहे, आणि या गावाची मला ठाऊक असलेली एकच गोष्ट म्हणजे बाटलीची किंमत. मान खाली घालून जेवलो.

दुसऱ्या दिवशी खानवेलमार्गे दुधनीला गेलो. दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचे पाणी येथवर आले आहे. सागाची पाने गळून गेलेली, मधूनमधून पळस पेटलेला आणि रस्त्याकडेला मोहाखाली फुलांचा सडा. पहाटे गळलेली फुले वारली बायका टोपल्यांत वेचत होत्या. एका वळणावर एक म्हातारा ताडावरून मडके घेऊन उतरला. पहाटेचा हा रस गोड असतो, आणि कोणी काही न करता ऊन चढेल तसा आपोआप आंबून त्याची ताडी होते. बोर्डीत पिंपामध्ये होते तेच इथे मडक्यात होते. पण आमच्यातला एक जण नाक मुरडून म्हणाला, "शी, ताडी! ही माणसं पिऊन पिऊनच मागं राहिली." हे बोलणाऱ्याच्या पिशवीत त्या वेळी दोन बाटल्या होत्या.

त्या बाटल्या पाण्याकाठी रिकाम्या झाल्या. मग नेम धरून खडकावर फोडण्याचा खेळ झाला. मी प्यालो नव्हतो, पण एक बाटली मीही फोडली, आणि माझा नेम चांगला लागला म्हणून टाळ्याही घेतल्या. तासाभराने शेळ्या पाण्यावर घेऊन एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा आला. अनवाणी. तो ओरडला तेव्हा आम्हाला आधी कळलेच नाही काय झाले ते. काच टाचेत खोल गेली होती. त्याची आजी धावत आली. तिने काच ओढून काढली, दगडी पाला हातावर चोळून जखमेत दाबला आणि पदराची चिंधी बांधली. ती काय बोलत होती ते वारलीत होते, मराठीच्या इतके जवळ की अर्धे समजले. समजले नसते तर बरे झाले असते. आम्ही गाडीने दवाखान्यात नेतो म्हणालो. तिने आमच्या तोंडांच्या वासावरून ओळखले आणि पोराला आमच्या गाडीत बसू दिले नाही. ती चुकली असे मी म्हणणार नाही. मी वर्गणीतले दोनशे रुपये तिच्यापुढे धरले. तिने घेतले नाहीत, ते मी खडकावर ठेवले आणि आम्ही निघालो. पळालो म्हणणे अधिक बरोबर.

आता माझा मुद्दा. पिणे वाईट की बरे, यावर मी येथे भाषण करणार नाही. निपाणीचे अर्धे गाव तंबाखूवर जगते, तेथल्या मुलाने व्यसनमुक्तीचे कीर्तन करू नये. माझे म्हणणे एवढेच, की पेल्यातल्या वस्तूवरून आपण माणसाची जात ठरवतो ते बंद करावे. आपण प्यालो तर टूर, बागाईतदाराने केली तर उद्योग, आणि वारल्याने केली तर व्यसन! ही विभागणी आजची नाही. ग्रंथालयात शोधले तेव्हा कळले, की इंग्रजांनी 1878 च्या अबकारी कायद्यानंतर ताडीच्या झाडागणिक कर वाढवला आणि 1892 च्या कायद्याने मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही बंधने आणली. सिल्वासा तेव्हा पोर्तुगिजांकडे होते, पण पलीकडच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्याला आपल्याच दारचे फूल उचलणे गुन्हा झाले. सरकारला दारू नको होती असे नव्हे. सरकारला भट्टीवरचा महसूल हवा होता. उलट 2001 साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आखून वाइनला अबकारी करातून सवलत दिली. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा हा हेतू, आणि तो चुकीचा नाही. पण मोह वेचणारीला हा न्याय कधी लागला? 2011 च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची निम्म्याहून थोडी अधिक वस्ती आदिवासींची होती. ज्यांच्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो, त्यांच्याच अंगणात काचा फोडून येतो, आणि मागासलेले कोण तर ते!

आमच्यातले दोघे कन्नड शाळेतले. परतीच्या गाडीत कोणी फारसे बोलत नव्हते, तेव्हा त्यांपैकी एकाने त्यांच्याकडची म्हण काढली: ईचल मरद केळगे मज्जिगे कुडिदरू हेंड अंतारे. आपल्याकडेही आहेच, शिंदीच्या झाडाखाली ताक प्याले तरी लोक शिंदीच म्हणतात. सिल्वासाला जाऊन न पिता आलो असे मी सांगितले तर आज कोणाला पटत नाही. पण खरे सांगायचे तर त्या म्हणीचा आसरा घेण्याचा मला अधिकार नाही. पोराच्या पायात गेलेली काच माझ्या बाटलीची की दुसऱ्याच्या, हे कोण सांगणार? न पिणाराही त्यात होता.

मावशीचा परवा फोन आला होता. काका दुधनीकडे जाऊन चौकशी करून आले. मुलगा चालतो आहे, थोडा लंगडतो. त्या पोराचे नाव आम्ही विचारलेच नव्हते, म्हणून काकांना चार पाडे हिंडावे लागले.

पुढच्या सुट्टीत पुन्हा तिकडेच जाण्याचे घाटते आहे. जंगलात बाटली न्यायची नाही आणि काकांबरोबर त्या पाड्यावर जायचे, अशी अट मी घातली. दोघांनी नावे काढून घेतली. सध्या आम्ही तिघे आहोत.