पोहणाऱ्यांनी जमिनीवरही घाम गाळावा

पहाटे साडेपाचला तलाव, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा तलाव. राज्य स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा हा दिनक्रम. वेळ सुधारेनाशी झाली की एकच उपाय सुचवला जातो : फेऱ्या वाढवा. काही महिन्यांत खांदा दुखू लागतो. मग बर्फ, मलम, वेदनाशामक गोळी आणि दुसऱ्या दिवशी परत पाण्यात. इथेच चूक होते.

हिशेब करून पाहावा. ५० मीटरमध्ये दोन्ही हातांचे मिळून ४० स्ट्रोक धरले, तर पाच किलोमीटरच्या सरावात प्रत्येक हात दोन हजार वेळा फिरतो. आठवड्याच्या सहा दिवसांत बारा हजार वेळा. पाणी मागे ओढणारे छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू यातून बळकट होतात. पण खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवणारे लहान स्नायू त्या मानाने मागे पडतात. हा असमतोल आणि अतिवापर मिळून खांदा दुखावतो. फेऱ्या वाढवून तो सुटत नाही.

ताकदीचा उपयोग वेगासाठीही होतो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले. एवढ्या छोट्या शर्यतीत सुरुवातीची उडी निर्णायक ठरू शकते. लांबच्या शर्यतीत दर वळणावर भिंतीला दिलेला रेटा मोजला जातो. दोन्ही कामे पायांच्या ताकदीची आहेत.

वजने उचलली की मुलांची उंची खुंटते, ही पालकांची भीती मात्र निराधार आहे. योग्य पद्धतीने, जाणकाराच्या देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढीला बाधा येत नाही, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स सांगते. इजा होते ती चुकीच्या पद्धतीमुळे आणि ईर्ष्येने जास्त वजन उचलल्यामुळे.

दुसरा मुद्दा हाडांचा. पाणी शरीराचा भार पेलते, त्यामुळे पोहताना हाडांवर पुरेसा ताण येत नाही. हाडांची भक्कम पायाभरणी होते ती किशोरवयातच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोरीच्या उड्या, धावणे, खो-खो यांना म्हणूनच पोहणाऱ्यांच्या वेळापत्रकात जागा हवी.

सुरुवात साधी असावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस, अर्धा तास. रबरी पट्टा ओढून खांद्याच्या मागच्या बाजूचे व्यायाम, जोर, बैठका, प्लँक, उड्या. पद्धत पक्की झाल्यावरच हळूहळू वजन. हे सारे आधीच्या सरावावर लादू नये. त्या दिवशी फेऱ्या कमी कराव्यात. खांदा रात्री दुखत असेल किंवा आठवडाभरात दुखणे थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. गोळी घेऊन पोहायला पाठवू नये.

यासाठी महागडी व्यायामशाळा लागत नाही. तलावाकाठची मोकळी जागा, काही रबरी पट्टे आणि शिकवणारा जाणकार माणूस पुरतो. पालकांनी प्रवेश घेतानाच प्रशिक्षकाला विचारावे : मुले जमिनीवर किती दिवस व्यायाम करतात आणि तेव्हा लक्ष कोण ठेवते? याचे उत्तर मिळत नसेल, तर पदकांची यादी पाहून भुलू नये.