दोनच मिनिटं, पण कुणाची?

"अबे, दोनच मिनिटं! झेरॉक्स घेऊन आलोच!" असं म्हणत आपण गाडी कुठं लावतो, हे कधी पाहिलंय? मेडशीहून कॉलेजसाठी, कामासाठी अकोल्याला नाहीतर वाशिमला गेलं की पार्किंग शोधताना वैताग येतो. तेवढ्यात दारासमोर व्हीलचेअरचं चित्र असलेली निळी पाटी दिसते, खाली मोकळी जागा. मग काय, लाव स्टँड!

ती जागा एवढी ऐसपैस का असते? सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत अशा एका कारसाठी ३.६ मीटर रुंदी सांगितली आहे. दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावायला तेवढी जागा लागतेच. आपण तिथल्या फटीत बाईक घुसवली, की कार चालवणारा परत येऊनही आत बसू शकत नाही.

आपल्याकडे कारपेक्षा बाजूला जादा चाकं लावलेल्या स्कूटीच जास्त. ती गर्दीतून तिरकी करून काढता येत नाही. आणि रॅम्पच्या तोंडाशीच कुणी बाईक लावली, तर वरचं अख्खं ऑफिस त्या माणसासाठी बंद!

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. बसस्थानक, रेल्वे स्टेशनवर दिव्यांगांना सोयीचं पार्किंग हवं, असं तो सांगतो. पण प्रत्येक बाईकमागं पोलीस थोडाच उभा राहणार? तिथं आपलीच अक्कल लागते.

आता उलटी बाजू. त्या जागेतून कुणी चालत उतरला, की "हा तर धडधाकट आहे" म्हणून लगेच पंचायत बसवू नका. कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. आपल्या विदर्भात आढळणारा सिकलसेलही त्यात आहे. दुखणं प्रत्येक वेळी कुबडीतूनच दिसतं असं नाही.

लेकरू कडेवर घेतलेली ताई, दवाखान्यात आलेले आजोबा यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी पाटीही नसते. तिथं दाराजवळची जागा आपणहून सोडायला काय हरकत आहे?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये अशी जागा नसेल, तर प्राचार्यांना अर्ज द्या. एनएसएसच्या पोरांनी एका सकाळी पट्टे मारले तरी काम होईल. आणि तोवर निदान रॅम्पसमोरची आपली बाईक तरी काढा. लांब लावून चालत यायला आपल्याला दोनच मिनिटं लागतात.