चेहऱ्यावर देश लिहिलेला नसतो



जून २०१७ मध्ये दिल्लीतल्या एका बड्या क्लबात एका खासी स्त्रीला जेवणाच्या टेबलावरून उठून जायला सांगण्यात आले. ज्या घरी ती मूल सांभाळत असे, त्या घरच्या बाईंबरोबर ती पाहुणी म्हणून आली होती. अंगावर जैनसेम, म्हणजे मेघालयातल्या खासी बायकांचा पारंपरिक पोशाख होता. क्लबच्या लोकांचे म्हणणे असे, की ती नेपाळी दिसते आणि तिचे कपडे मोलकरणीच्या गणवेशासारखे आहेत. खासी समाजात कूळ आईकडून चालते. त्या समाजातल्या स्त्रीचा देश आणि तिची पायरी, दोन्ही तिच्या तोंडाकडे पाहून ठरवून टाकली गेली.

तेव्हा बरीच ओरड झाली. "ती नेपाळी नाही, भारतीय आहे," असे सगळे सांगू लागले. मला मात्र वाटते, की ती खरोखरच नेपाळी असती, घरकाम करणारी असती, तर तिला उठवणे योग्य ठरले असते का? अंदाज चुकला हा मुद्दाच नाही. अंदाज बांधून माणसाला कसे वागवायचे ते ठरवणे, हा मुद्दा आहे.

दिल्ली लांब राहिली, असे समजू नका. पुण्या-मुंबईत मणिपूर, नागालँड, मिझोराम, आसामच्या कितीतरी मुली ब्यूटी पार्लरांत, हॉटेलांत, इस्पितळांत काम करतात, कॉलेजांत शिकतात. त्यांच्याशी बोलताना मला तेच ते पुन्हापुन्हा ऐकायला मिळते. रिक्षावाला विचारतो, "चायना की नेपाळ?" भारत म्हटले की पुढचे वाक्य ठरलेले, "दिसत नाहीस!" खोली बघायला गेले की भाडे अचानक वाढते, नाहीतर खोली आधीच गेलेली असते. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचारानंतर अफवा उठल्या आणि पुणे, बंगलोर, चेन्नई इथून ईशान्येकडची हजारो माणसे गाड्या भरभरून परत गेली. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत मोटारसायकलवरच्या एका माणसाने रस्त्यावरून जाणाऱ्या मणिपुरी तरुणीवर थुंकून पळ काढला. करोनाचा राग काढायला त्याला तिचा चेहरा पुरला.

हे कुठून येते? आपल्याला त्याचे शिक्षण घरातच मिळते. रंग गोरा, डोळे घारे की जात ठरली. तोंडावरून नाही कळली तर आडनाव, आडनावावरून नाही उलगडली तर गाव. शिकलेल्या दलित मैत्रिणीला "त्यातली वाटत नाहीस गं" हे कौतुक म्हणून ऐकवणाऱ्या बायका आपल्याही ओळखीत आहेत. जात हुडकायला सरावलेली नजर देश हुडकायला कितीसा वेळ घेणार?

या नजरेला एकेकाळी शास्त्राचा टेकू होता. इंग्रज अधिकारी रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावून दाखवली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अशाच मापांचे आकडे घेऊन अस्पृश्यांचा वंश वेगळा नाही, असे मांडले. त्याच्या वीस वर्षे आधी आपल्या इरावतीबाई कर्वे बर्लिनला शिकत होत्या. युरोपियांच्या कवटीची ठेवण इतरांहून वेगळी असते, असे त्यांच्या गुरूंचे, ऑयगेन फिशर यांचे गृहीतक होते. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसे आढळत नाही, असा निष्कर्ष आपल्या प्रबंधात लिहिला.

बाईच्या बाबतीत या अंदाजाला आणखी एक शेपूट असते. पुरुष परका ठरला तर त्याच्यावर संशय येतो. बाई परकी ठरली तर ती 'तसलीच' ठरते. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली. अंगप्रदर्शन करणारे कपडे घालू नका, उग्र वासाचे पदार्थ शिजवू नका, असा उपदेश तिच्यात होता. छेड काढणाऱ्यांसाठी पुस्तिका निघाली नाही. २०१४ मध्ये बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत वेगळे कलम घालावे, असे सुचवले. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, पण ते कलम काही आले नाही.

आणि हा अंदाज सरकारी झाला तर? बीरभूम जिल्ह्यातले मूळ सांगणाऱ्या एका गरोदर कष्टकरी स्त्रीला जून २०२५ मध्ये दिल्लीत बांगलादेशी ठरवून सरहद्दीपलीकडे धाडले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे डिसेंबरात ती परत आली. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकला होता. २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला आहे. आता आपल्या वस्तीतल्या बाईचे कागद आठवा. जन्माची नोंद नाही, शाळा चौथीत सुटली, लग्नाने नाव बदलले, गाव बदलले, खोली नवऱ्याच्या नावावर. आसामात नागरिकत्वाच्या नोंदणीच्या वेळी लाखो विवाहित बायकांकडे माहेराशी नाते दाखवायला ग्रामपंचायतीच्या दाखल्याखेरीज काही नव्हते. तोही फेब्रुवारी २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने नाकारला आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर मान्य केला. मधले नऊ महिने त्या बायकांनी कसे काढले असतील?

म्हणून हा प्रश्न स्त्रीमुक्तीच्या चळवळीचा आहे, असे मी मानते. मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. घरकामगारांच्या प्रत्येक बैठकीत परप्रांतीय बायकांनाही बोलवू या. मुलींच्या स्वतःच्या नावाचे कागद वेळेवर करून घेऊ या. सोसायटीत भाडेकरूच्या चेहऱ्यावरून चर्चा सुरू झाली, तर तिथेच अडवू या. कुणाला चौकीवर नेले, तर दोघी-तिघींनी सोबत जाऊन बसू या. नव्या शेजारणीला आधी नाव विचारू या. गाव ती सांगेल, तिला वाटेल तेव्हा.