विश्लेषण : ‘बिंज वॉचिंग’मध्ये मन का रमते? घर एकत्र येते की प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पाचवा आणि अखेरचा सीझन नेटफ्लिक्सने तीन टप्प्यांत दाखवला. भारतात २७ नोव्हेंबर २०२५ रोजी पहिले चार भाग आले, २६ डिसेंबरला पुढचे तीन आणि १ जानेवारी २०२६ च्या सकाळी शेवटचा. अख्खा सीझन एका दिवसात खुला करण्याची सवय ज्या कंपनीने जगाला लावली, तीच आता मोठ्या मालिकांसाठी प्रेक्षकांना थांबायला लावत आहे. दुसरीकडे, एकाच खात्यावर दोन-तीन शहरांतून मालिका पाहण्याच्या सवयीवरही बंधने आली आहेत. सलग भाग पाहण्याने प्रेक्षकांना नेमके काय मिळते आणि या बदलांमुळे त्यातले काय हातचे जाऊ शकते, याचा हा आढावा.

‘बिंज वॉचिंग’ कधीपासून?

एका बैठकीत मालिकेचे अनेक भाग पाहणे म्हणजे ‘बिंज वॉचिंग’. नेटफ्लिक्सने १ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘हाऊस ऑफ कार्ड्स’चे सर्व १३ भाग एकदम उपलब्ध केले आणि ही पद्धत रूढ झाली. त्याच वर्षी कंपनीने अमेरिकेत करून घेतलेल्या सर्वेक्षणात ७३ टक्के लोकांनी बिंज वॉचिंग म्हणजे ‘एका बैठकीत दोन ते सहा भाग’ असे सांगितले होते. २०१५ मध्ये कॉलिन्स शब्दकोशाने ‘बिंज वॉच’ हा वर्षाचा शब्द ठरवला.

मराठी घरांना हा प्रकार अगदीच नवा नव्हता. रात्री हुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पाहायचा, रविवारी ‘महाएपिसोड’साठी जेवण लवकर उरकायचे, ही सवय आधीपासून होती. फरक एवढाच की तेव्हा कुठे थांबायचे हे वाहिनी ठरवत असे. आता ते रिमोट हातात असलेल्याने ठरवायचे असते.

पाहिलेलेच पुन्हा का पाहिले जाते?

दमून घरी आल्यावर अनेक जण नवे काही न लावता दहा वेळा पाहिलेली मालिकाच लावतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जे डेरिक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचा अभ्यास केला. मनावर ताबा ठेवावा लागणारे, डोके शिणवणारे काम केल्यानंतर माणसे ओळखीच्या काल्पनिक जगाकडे वळतात आणि त्यातून त्यांना पुन्हा तरतरी येते, असे त्यांना आढळले. पुढे काय होणार हे माहीत असते, कोण काय बोलणार हेही पाठ असते. मनाला कष्ट पडत नाहीत आणि सोबत मात्र मिळते.

टाळेबंदीत देशाने याचा अनुभव घेतला. दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून १९८७ सालचे ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले होते. कथेचा शेवट माहीत नाही, असा प्रेक्षक त्यात शोधूनही सापडला नसता. बाहेर सगळेच अनिश्चित असताना घरात काहीतरी ठरलेले हवे होते. २००० ते २००८ या काळात गाजलेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका २९ जुलै २०२५ पासून नव्या रूपात परतली, त्यामागेही जुन्या ओळखीचाच हिशेब आहे.

पडद्यावरची माणसे घरातली का वाटू लागतात?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच याला एकतर्फी नात्याचे नाव दिले होते. प्रेक्षक पडद्यावरच्या व्यक्तीला ओळखतो, ती त्याला ओळखत नाही. तरीही सहवास वाढला की आपुलकी निर्माण होते. सलग भाग पाहिल्यास हा सहवास चार-पाच दिवसांत इतका वाढतो, की शेवटचा भाग संपल्यावर काही जणांना घर रिकामे वाटू लागते.

डेरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, आवडत्या मालिकेचा नुसता विचार केला तरी एकटेपणाची बोच कमी होऊ शकते. ३ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे ऐन टाळेबंदीत आलेल्या ‘पंचायत’चे यश या नजरेने पाहता येते. फुलेरा गावातील सचिवजी, प्रधानजी, विकास आणि प्रल्हादचा रोजचा दिनक्रम बंद दारामागे बसलेल्या प्रेक्षकांना शेजारासारखा वाटला. जून २०२५ मध्ये तिचा चौथा सीझन आला. मात्र, अशी सोबत खऱ्या माणसांच्या सोबतीला पूरक असते, ती तिची जागा घेत नाही.

एकत्र पाहिल्याने नाती जवळ येतात का?

या प्रश्नावर सारा गोमिलियन आणि सहकाऱ्यांचे २०१७ मधील संशोधन महत्त्वाचे आहे. जोडप्यांमध्ये दोघांच्या ओळखीचे मित्र असतील तर नाते अधिक घट्ट असते, हे आधीच माहीत होते. ज्यांचे असे सामाईक मित्र कमी आहेत, अशा जोडप्यांना एकत्र मालिका, चित्रपट पाहण्याचा किंवा पुस्तके वाचण्याचा फायदा जास्त होतो, असे या अभ्यासात दिसले. मालिकेतली माणसेच मग दोघांच्या सामाईक ओळखीची होतात.

नोकरीसाठी नव्या शहरात आलेल्या नवविवाहितांना किंवा मुले शिकायला बाहेर पडल्यावर घरात दोघेच उरलेल्या आईवडिलांना हे लगेच पटेल. अशा घरांत दिवसभराच्या कामांची बोलणी दहा मिनिटांत संपतात. ‘तो तसा का वागला असेल’ यावर मात्र तासभर वाद रंगतो. ‘माझ्याशिवाय पुढचा भाग लावायचा नाही’ हा नियमही त्यामुळेच गांभीर्याने घेतला जातो. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या जागतिक पाहणीत, मालिका एकत्र पाहणाऱ्या जोडप्यांपैकी ४६ टक्क्यांनी जोडीदाराला न सांगता पुढचे भाग पाहून घेतल्याची कबुली दिली होती.

मग प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा का?

‘बार्क’च्या २०२० च्या अंदाजानुसार भारतात टीव्ही असलेली २१ कोटी घरे होती आणि त्यांत ८९.२ कोटी प्रेक्षक होते. म्हणजे एका घरामागे चाराहून अधिक माणसे. मोबाइलचा पडदा मात्र एकाच माणसापुरता असतो. भारतात ओटीटी रुजली ती मुख्यतः स्वस्त डेटा आणि मोबाइलवर.

दररचनेतही हे दिसते. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये भारतात १९९ रुपयांचा फक्त मोबाइल-टॅबसाठीचा प्लॅन आणला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो १४९ रुपयांवर आणला. या प्लॅनवर मालिका टीव्हीवर पाहता येत नाही. त्याच वेळी १९९ रुपयांवर आणलेला बेसिक प्लॅन टीव्हीवर चालतो. म्हणजे ५० रुपये वाचवताना कुटुंबाचे एकत्र पाहणे आपोआप बाद होते. घरासाठी प्लॅन निवडताना चित्राच्या दर्जाइतकाच हा मुद्दाही पाहायला हवा.

वेगळ्या शहरांत राहणाऱ्या कुटुंबाचे काय?

आईवडील लातूरला, मुलगी नोकरीसाठी पुण्यात आणि मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या वसतिगृहात. अशा कुटुंबात एक खाते हा एक धागा असतो. कोणी कोणता भाग कुठवर पाहिला हे एकमेकांना दिसते आणि फोनवर बोलायला विषय मिळतो. नेटफ्लिक्सच्या लेखी मात्र ‘घर’ म्हणजे ग्राहक जिथे मुख्यतः मालिका पाहतो, तिथल्या इंटरनेट जोडणीवरची उपकरणे. जुलै २०२३ मध्ये कंपनीने भारतातील ग्राहकांना ई-मेल पाठवून खाते एका घरापुरतेच असल्याचे कळवले. काही देशांत जादा पैसे भरून बाहेरच्या सदस्याला जोडण्याची सोय दिली गेली. भारतात दर नुकतेच कमी केल्याचे सांगून ती तेव्हा देण्यात आली नाही. प्राइम व्हिडीओनेही जानेवारी २०२५ पासून भारतात एका खात्यावर पाच उपकरणांची आणि त्यांत दोनच टीव्हींची मर्यादा घातली.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. एका वर्गणीवर पाच घरे पाहत असतील, तर निर्मितीचा खर्च भरून निघत नाही. तरीही नोकरी-शिक्षणासाठी विखुरलेले कुटुंब आणि पासवर्ड मित्रमंडळींत वाटणारा ग्राहक यांतला फरक इंटरनेट जोडणीवरून कळत नाही. इथेच कंपनीची घराची व्याख्या आणि लोकांची घराची व्याख्या वेगळी पडते.

‘टेलीपार्टी’सारख्या सुविधेने दूर बसून एकाच वेळी मालिका पाहता येते, पण त्यासाठी प्रत्येकाचे स्वतंत्र खाते लागते. त्यापेक्षा सोपा मार्ग जुनाच आहे. आठवड्यात ठरावीक भाग आपापल्या सोयीने पाहायचे आणि रविवारी फोनवर बोलायचे.

अति पाहण्याचे तोटे कोणते?

मुख्य फटका झोपेला बसतो. बेल्जियममधील १८ ते २५ वयोगटातील ४२३ तरुणांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त बिंज वॉचिंग करणाऱ्यांत झोपेचा खालावलेला दर्जा, थकवा आणि निद्रानाशाची लक्षणे अधिक आढळली. पडदा बंद केला तरी डोक्यात कथा चालूच राहते, हे त्यामागचे कारण असल्याचे संशोधकांचे म्हणणे होते. नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनीही २०१७ मध्ये आपली स्पर्धा झोपेशी असल्याचे म्हटले होते.

त्याच वर्षीच्या मेलबर्न विद्यापीठाच्या छोट्या प्रयोगात ५१ विद्यार्थ्यांना एकच मालिका तीन प्रकारे दाखवली गेली : एका बैठकीत, रोज एक भाग आणि आठवड्याला एक भाग. सलग पाहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सर्वाधिक आठवत होते, पण ते सर्वांत वेगाने विसरले. त्यांना मिळालेला आनंदही इतर दोन गटांपेक्षा कमी होता.

घराने काय करावे?

पुढचा भाग आपोआप सुरू होणे ही सर्वांत मोठी अडचण असते. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडीओ या दोन्ही ठिकाणी सेटिंग्जमध्ये जाऊन ती सोय बंद करता येते. नेटफ्लिक्सवर हे प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळे करावे लागते. त्यानंतर भाग संपला की पडदा थांबतो आणि ‘आणखी एक लावायचा का’ हे घरातल्यांना एकमेकांना विचारावे लागते. रात्री दोन भाग, तेही हॉलमधल्या टीव्हीवर, एवढा नियम पाळला तरी सोबत टिकते आणि झोपही. अभ्यासांत दिसलेला जिव्हाळा किती भाग संपवले यावर अवलंबून नव्हता. ते कोणासोबत पाहिले आणि नंतर त्यावर कोणाशी बोलणे झाले, यातून तो येत होता.