कासवाला माती

आपल्याकडे कासव असते ते देवळात. नंदीच्या पुढे, फरशीत बसवलेले, दगडाचे. हल्ली ते पितळेचे होऊन पाण्याच्या ताटलीत बसले आहे आणि घरात पैसा आणते म्हणे. त्याच समजुतीने लोकांना पुढे जिवंत कासवही हवेसे झाले. लातूरला आमच्या लेकीच्या घरी असेच एक आले. कानाजवळ लाल पट्टा, नाण्याहून जरासे मोठे. दुकानदार म्हणाला, एवढेच राहते. हे मूळचे अमेरिकेचे, मादी वीतभर होते आणि वीस-तीस वर्षे जगते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा लेकीने ते नांदेडला आमच्याकडे आणून ठेवले. माणसांनाच प्यायला नाही, तिथे कासवाचे पाणी कोण बदलणार? ते इथलेच झाले. नाव बाळू.

मागच्या उन्हाळ्यात बाळूने खाणे सोडले. रात्रभर मागच्या पायांनी काच खरवडायचा. ऊन बाधले असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. मग खरवडणेही थांबले आणि मान टाकून पडून राहू लागला. गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. "गुरुजी, मी म्हशींचा माणूस," असे म्हणत त्यांनी एक्स-रे मात्र काढला. पोटात सहा अंडी! म्हणजे बाळू ही बाई होती. नर नसला तरी मादी अंडी धरते, आपल्या कोंबडीसारखीच. अडचण होती ती ती बाहेर न येण्याची.

मी म्हणालो, एक इंजेक्शन देऊन टाका. डॉक्टरांनी पुण्याच्या एका मित्राला फोन लावला आणि मग मलाच शिकवणी दिली. इंजेक्शनने कळा येतात, पण अंगात कॅल्शियम नसेल तर जोर कुठून येणार? आणि अंडे आडवे अडकले असेल तर कळांनी आतच फुटायचे. आधी कॅल्शियम, कोमट पाण्यात बसवणे, ऊन आणि माती. एवढ्यानेही झाले नाही तर इंजेक्शन, आणि शेवटी ऑपरेशन.

ऊन तर खिडकीतून रोज येत होते. पण काचेतून येणाऱ्या उन्हात कासवाला लागणारा किरण गाळला जातो, आणि त्यावाचून खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. आम्ही वर्षानुवर्षे तिला प्रकाश दाखवत होतो, ऊन नव्हे. आणि माती? ती तर कधी दिलीच नव्हती. कासव पाण्यात राहते एवढेच आम्हाला ठाऊक! समुद्रातले कासवसुद्धा अंड्यांसाठी किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा खणते. कोकणात वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती अंडी राखायला सुरुवात केली. हे मी वाचले होते, तरी माझ्या घरातली बाई काच का खरवडते, हे मला सुचले नाही. खड्डा खणायला जागा शोधत होती ती.

आमची काळी माती वाळली की दगड, भिजली की चिखल. शेजारी बांधकाम चालू होते, तिथली दोन घमेली वाळू मागून आणली (वाळूचा भाव विचारू नका), मातीत कालवली, जरा ओलसर केली आणि मोठ्या टबात वीतभर भरून सावली-उन्हाच्या सीमेवर ठेवली. नातीला बजावले, डोकवायचे नाही. कोणी बघत असले की ती खणायचे सोडते. चार दिवस काही नाही. एक अंडे पाण्यातच पडले, पातळ कवचाचे. पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला टबात माती उकरलेली दिसली. आत पाच होती. पुन्हा एक्स-रे काढला, पोट रिकामे. मी खाली बसलो तो बराच वेळ उठलो नाही.

ही हकीकत कळल्यावर दोघांनी विचारले, पिल्लू झाले तर द्याल का? पिल्लू होणार नव्हते, अंडी पोकळ होती. पण होणार असते तरी दिले नसते. पाठीवर चांदण्या असलेले आपले देशी कासव पाळणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून लोक हे परदेशी घेतात आणि जड झाले की गोदावरीत सोडून पुण्य मिळवतात. मला त्या पुण्याची चीड येते. नदीत आपली मऊ पाठीची कासवे आहेत. त्यांना अंडी घालायला लागणारी काठाची वाळू आपण ट्रकने उचलतो, आणि वर हा पाहुणा त्यांच्या ताटात बसवतो. आणले आहे ना, मग तीस वर्षे सांभाळा. नसेल जमत तर आणू नका.

टब अंगणातच आहे. यंदा होळीनंतर ती पुन्हा कडेला फिरू लागली, तेव्हा नातच म्हणाली, आजोबा, माती भिजवा.