घर घ्यावे, पण नदीला विचारून

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत आले. घर बांधणे ही माणसाच्या धीराची, पैशाची आणि व्यवहारज्ञानाची कसोटी आहे, हा त्या म्हणीचा आशय. आज घर बांधावे लागत नाही, तयार मिळते. त्यामुळे कसोटी संपली असा समज रूढ झाला आहे. सातारा आणि सांगली या दोन शहरांभोवती गेल्या पंचवीस वर्षांत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांकडे पाहिले म्हणजे हा समज किती भाबडा आहे, हे ध्यानी येते.

या दोन जिल्ह्यांतील गुंतवणुकीचे एक वैशिष्ट्य आहे. येथे घर घेणारा पुष्कळदा येथे राहत नाही. जावळी, पाटण, खटाव, माण या तालुक्यांतील हजारो माणसे पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत माथाडी म्हणून राबली. खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करीत भारताच्या कानाकोपऱ्यांत पसरले. आता पुण्याच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतील आणि परदेशांतील तरुणांची त्यात भर पडली आहे. या सर्वांचे मन गावाकडे असते. चार पैसे गाठीशी आले की सातारा, कराड, विटा किंवा सांगली येथे एखादा प्लॉट, एखादा फ्लॅट घ्यावा, असे त्यांना वाटते. ही ओढ स्वाभाविक आहे, आणि आदरणीयही. मात्र दूर राहणारा गुंतवणूकदार जागा पाहतो ती दिवाळीच्या नाही तर मे महिन्याच्या सुट्टीत. त्या दिवसांत कृष्णामाई पात्राच्या तळाशी शांतपणे वाहत असते आणि बुजवलेला ओढा कोरडा असतो. जी गोष्ट प्रथम पाहायची, ती नेमकी त्या वेळी दिसत नाही.

सांगलीची गोष्ट पाहा. कृष्णेची पाणीपातळी आयर्विन पुलापाशी मोजली जाते. तेथे चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले. ‘असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येणार नाही’ असे तेव्हा अनेकांनी मानले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर चढले. सोळा वर्षांत तीन महापूर! दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता ही नावे आता सबंध महाराष्ट्राला ठाऊक झाली आहेत, ती तेथील घरांच्या देखणेपणामुळे नव्हे.

यामागचे भूगोलाचे गणित अवघड नाही. महाबळेश्वराच्या माथ्यावर पडलेला पाऊस कृष्णेतून निघतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा तिला मिळते, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना मिळते आणि सांगलीच्या अंगाला हरिपूर येथे वारणा येऊन मिळते. सांगलीपाशी नदीचा उतार अगदी मंद. वारणा भरून वाहू लागली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकण्यास वाट मिळत नाही आणि फुगवटा शहराकडे सरकतो. ते पाणी विसावावे यासाठीच निसर्गाने सखल जागा, ओढे आणि नाले राखून ठेवले होते. आपण त्यांवर मुरूम टाकला, गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडले आणि त्यांना ‘नगर’, ‘पार्क’, ‘कॉलनी’ अशी नावे दिली. शामरावनगरसारख्या सखल भागात तर नदीला पूर नसतानाही पावसाचे पाणी साचून राहते. २०१९ च्या महापुरानंतर शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनेही अतिवृष्टीबरोबरच नदीपात्रातील आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले. अलमट्टीच्या नावाने कर्नाटकास दोष देणे सोपे आहे. त्या धरणाच्या पाणीपातळीचा प्रश्न महाराष्ट्राने निर्धाराने लढवलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु शेरीनाल्याच्या काठावरील बांधकाम काही कर्नाटकाने केलेले नाही.

साताऱ्याने यावरून निश्चिंत होऊ नये. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या या शहराला पुराचे भय कमी, पण उताराचे आहे. जुन्या सातारकरांनी शहर वसवताना पाण्याचा विचार आधी केला. पेठा डोंगराच्या उताराने वसल्या आणि डोंगराचे पाणी त्याच उताराने शहरात आणून हौदांत खेळवले गेले. २०२० मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर यांसारखे भाग नगरपालिकेत आले आणि तेथील जागांना नवे मोल आले. त्याच सुमारास यवतेश्वर-कासच्या दिशेने डोंगर पोखरण्याची आणि ‘निसर्गरम्य गुंतवणूक’ विकण्याची अहमहमिका लागली. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडींखाली माणसे गाडली गेली. डोंगर सुटतो तेव्हा काय होते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. शिवाय साताऱ्याच्या डोंगरात सैल झालेली माती नदीतून वाहत खालीच जाते. वरच्या गुंतवणुकीचा भार खालच्या संसारावर पडतो.

आता निव्वळ पैशाचा हिशेब करू. समजा, चाळीस लाखांचा फ्लॅट घेतला आणि तो महिना नऊ हजार रुपये भाड्याने दिला. वर्षाचे एक लाख आठ हजार झाले, म्हणजे पावणेतीन टक्के. त्यातून घरपट्टी, देखभाल आणि रिकामे महिने वजा जायचे. राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेवही याहून अधिक देते. म्हणजे सारी भिस्त जागेचा भाव वाढण्यावर. आणि जेथे दर काही वर्षांनी पहिला मजला पाण्याखाली जातो, तेथील भाव कोणत्या पायावर वाढणार? एक-दोन कोरडे पावसाळे गेले की पुराची आठवण पुसट होते, आणि नेमक्या त्याच वेळी जाहिराती झळकू लागतात.

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आहेत. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध, तर निळी आणि लाल यांमधील पट्टा नियंत्रित. २०१७ पासून ‘महारेरा’ आहे. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प त्याच्या नोंदणीबाहेर राहतात, आणि आपल्याकडील बहुतेक अपार्टमेंट याच मापाची. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने हजारो गरिबांच्या घरांना मान्यतेचा मार्ग मोकळा केला. ते आवश्यकच होते, कारण गरीब माणूस सखल जागी हौसेने जात नाही, स्वस्त म्हणून जातो. तथापि कागद नियमित झाल्याने जमीन उंच होत नाही, हे कोणी त्याला सांगितले नाही.

म्हणून आग्रहाची मागणी एकच. पूररेषा नकाशाच्या कपाटातून बाहेर काढून खरेदीखतात आणावी. सातबारा, मिळकत पत्रिका आणि खरेदीखत यांवर ती जागा कोणत्या पट्ट्यात आहे, हे स्पष्ट लिहिणे बंधनकारक व्हावे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा प्रत्येक बाधित चौकात कायमस्वरूपी कोराव्यात. कर्ज देणाऱ्या बँकेने आणि पतसंस्थेने तो दाखला मागितल्याशिवाय पैसा सोडू नये. दाखला लिहिला गेला की लबाडीला जागा उरणार नाही, आणि प्रामाणिक व्यावसायिकालाही त्याचे मोल मिळेल.

ग्राहकाचेही कर्तव्य आहे. जागा पाहायची तर आषाढ-श्रावणात पाहावी. दलालाला विचारण्याआधी गल्लीतल्या वयोवृद्ध बाईंना विचारावे, ‘आजी, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते?’ घर आधीच पूरक्षेत्रात असेल तर विमा उतरवावा. २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे आणि तिच्यात पुराचा समावेश आहे.

आणि शेवटी, घर म्हणजे केवळ गुंतवणूक नव्हे. कुलूपबंद फ्लॅटांची वसाहत ही वस्ती होत नाही. सांगलीत महापुराच्या रात्री माणसांना वाचवले ते प्रथम शेजाऱ्यांनी. वरच्या मजल्यावरचे दार उघडे होते म्हणून खालच्या मजल्यावरचे म्हातारे आईबाप वाचले. ज्या इमारतीत वरची सगळी दारे कुलूपबंद, तेथे हाक कोणाला मारायची? आपण गावी घर घेतो ते उद्या परतण्यासाठी. तर मग ते अशा जागी घ्यावे, की जेथे परतता येईल आणि शेजार नांदता राहील. नदी आपली आई आहे असे आपण म्हणतो. आईच्या पदराखाली राहावे. तिच्या वाटेत घर बांधून मग तिच्यावरच रुसणे, हे काही तिच्या लेकरांना शोभणारे नाही.